स्नेहाच्या बोटांतली कातर

मित्रांनो, मी एक जुनी कातर आहे आणि आधीच सांगून टाकते, स्वभावाने मत्सरी आहे. गोड गोड ऐकायचं असेल तर पाटी-पेन्सिलीकडे जा. मी पोटात आहे तेच बोलणार.

शिंप्याच्या कातरीसारखी मी मोठी नाही. पोलादाची एकच पट्टी वाकवून मला घडवलं. दाबलं की कापते, सोडलं की उघडते. सुरतेत, भेस्तानच्या बाजारात, छायाने मला विकत घेतलं. तिचं कुटुंब खानदेशातून इथे आलेलं. नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, तुटलेले धागे जोडायच्या कामाला, आणि ती घरी बसून साड्यांचे धागे कापते. साडीच्या मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात ना, ते मुळापासून साफ करायचे. गठ्ठेच्या गठ्ठे! "हिच्यासारखी धार दुसरीला नाही," असं छाया म्हणायची. तेव्हा मी अशी फुगायचे, काय सांगू!

छायाची मुलगी स्नेहा चौथीत. शाळेत तिला करमायचं नाही. आज पोट दुखतं, उद्या डोकं, की बसलीच मला घेऊन आईशेजारी. "चौथी झाली की हिला घरीच ठेवते," असं छाया शेजारणीला सांगायचीसुद्धा. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ती इवलीशी बोटं कायमची माझी होणार होती.

तेवढ्यात शाळेत नव्या बाई आल्या, जयश्रीबेन. त्यांनी दर शनिवारी वर्गात हातकाम सुरू केलं. कधी मुलं पुठ्ठ्याचा तराजू करून शेंगदाणे तोलत, कधी टेपने बाकं मोजत. आणि मग आला तो पुठ्ठ्याचा माग. माग कसला, चपलांच्या खोक्याचं झाकण! दोन कडांना खाचा, खाचांत उभे धागे, म्हणजे तारा, आणि त्यांतून आडवा धागा एक वर, एक खाली असा न्यायचा. झालं! पोटदुखी पळाली, डोकेदुखी पळाली. घरी आल्यावरही स्नेहाचं तेच, "आई, माझ्या मागावर चाळीस तारा आहेत, दहा-दहाच्या चार जुड्या!" मी डब्यात पडून जळत होते. मी अस्सल पोलाद, आणि हिला पुठ्ठा आवडतो!

एका शनिवारी बेननी घरातलं कामाचं हत्यार आणायला सांगितलं. स्नेहा मला घेऊन गेली. त्या दिवशी तिचं विणकाम पुरं झालं होतं, तळहाताएवढं लाल-पिवळं कापड. बेननी ते मागावरून उतरवून बाकावर ठेवलं. पुढचं त्या सांगणार, इतक्यात त्यांना बाहेरून हाक आली. कापडाच्या कडांना धागे लोंबत होते. लोंबता धागा दिसला की कापायचा, ही स्नेहाच्या हाताची सवय. तिने मला उचललं आणि कच्‌कच्‌ करून दोन्ही कडा मुळापासून साफ केल्या. शाबासकी मिळेल म्हणून कापड उचललं, तर ते सुटून धागे धागे खाली पडले. आधी गाठी मारायच्या असतात, हे तिला कुठे ठाऊक? सगळा वर्ग खो खो हसला.

खरं सांगू? मीही हसले. बरं झालं, म्हटलं, बस आता घरी.

आणि ती बसली. "काय व्हयनं वं?" छायाने विचारलं.

"मला शाळेत नाही जायचं. कधीच नाही."

सोमवार, मंगळवार ती दिवसभर माझ्याबरोबर होती. मला हवं तेच झालं होतं, तरी गोड लागेना. पूर्वी कापता कापता तिची बडबड चालायची. आता मान खाली घालून ती नुसती ओठांत पुटपुटायची. मी कान देऊन ऐकलं. "एक वर, एक खाली. एक वर, एक खाली." अगं, बोटं माझ्याजवळ आणि जीव त्या मेल्या पुठ्ठ्यात!

बुधवारी जयश्रीबेन दारात उभ्या.

"पोरं हसली ना तिला, बेन," छाया म्हणाली. "राहू द्या घरी. मलाही मदतीला दोन हात होतात."

"कापड का सुटलं, ते हसणाऱ्यांनाही माहीत नाही," बेन म्हणाल्या. "तुमच्या घरात तर तुटलेल्या तारा जोडणारा माणूस आहे. स्नेहाने पप्पांकडून गाठ शिकावी आणि शनिवारी वर्गाला शिकवावी. मला साधी गाठ येते, ती मागावरची पक्की गाठ मलाही येत नाही हो."

स्नेहाची बोटं थांबली. नाही म्हण, छाया, नाही म्हण! मी मनात ओरडत होते.

छाया लेकीकडे वळली. "दोन दिवस ऐकतेय. एक वर, एक खाली, काय असतं गं ते?"

स्नेहा सांगू लागली. उभ्या तारा, आडव्या तारा, हात हवेत नाचवत, एका दमात. छाया बघतच राहिली. मग तिने हात पुढे केला.

"दे ती कातर इकडे."

"साडी अर्धीच झालीय, आई."

"मी करते. तू दप्तर भर."

शनिवारी म्हणे स्नेहाने सगळ्या वर्गाला गाठ शिकवली. मला कोणी नेलं नाही.

मित्रांनो, मी अजूनही त्या पुठ्ठ्यावर जळते. मला कोरडं ठेवा, धार लावा, गंजू देऊ नका, एवढं मागायचा माझा हक्क आहे. पण शाळेच्या वेळी एखाद्या मुलीच्या हातात माझ्यासारखी कातर दिसली, तर ती आधी काढून घ्या. कातरीला राग येईल. येऊ द्या.