गार्ड कोण होणार?

आमच्या निरूनं नर्सरीत एका पोट्टीले चावलं, हे घरात मले सोडून सगळ्यांले आधी कळलं. मले काही सांगतच नाहीत. म्हणे बाबा चिडतात. चिडणार नाही तं काय आरती ओवाळू? तीन-साडेतीन वर्षांचा माझा नातू, मुंगीलेही बाजूनं रस्ता देणारा, तो काहून चावेल?

"नर्सरीच्या भावना दीदींनी सांगितलं, बाबा," सून कौमुदी म्हणाली. "गाडी-गाडी खेळत होते. हा सगळ्यांत पुढं उभा राहिला अन् जागचा हललाच नाही. मागून सोनियानं ढकललं, तं तिचा हातच चावला. आता पुन्हा असं झालं तं यंदा ठेवणार नाहीत म्हणे."

"नका ठेवू म्हणावं! घरी राहील माझ्याजवळ."

"घरी नाही." तिचा आवाज हळूच आला. "मग मी त्याले नागपूरले आईकडे ठेवते. तिथं माझ्या भावाची पोरं आहेत. इथं तुम्ही दोघं त्याचं सगळं ऐकता, त्याले दुसऱ्या मुलांत राहताच येत नाही. मी आईशी बोलली. उद्या रात्री ती फोन करणार आहे."

तिचंही काय चुकलं? आमचं रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, ती नव्या मंत्रालयात लागली, सकाळी निघते ते दिवे लागल्यावर येते. माझा मुलगा गौतम बिलासपूरले रेल्वेत, शनिवारी तोंड दाखवतो. पण निरू नागपूरले गेला तं या घरात दिवसभर आम्ही दोघं म्हातारे अन् माझा रेडिओ. मले इतकं लागलं की चिडताही आलं नाही. माझी बायको वनमाला मले पाहून घाबरलीच. "बरं नाही का तुम्हाले?" म्हणाली.

तुम्हाले आमच्या गाडीचं सांगतो. रोज संध्याकाळी ती आमच्या ओसरीतून सुटते. पुढं निरू इंजिन, मधात वनमाला गुडघे धरून "अगं बाई गं" करत, अन् मागं मी गार्ड. मी मालगाडीवर गार्डच होतो. सारा जन्म शेवटल्या डब्यात बसून पुढच्या डब्यांची धूळ खाल्ली. पण गार्डानं हिरवी झेंडी दाखवली नाही, तं ड्रायव्हर कितीही मोठा शहाणा असो, गाडी हलवायची त्याची हिंमत नाही! हे मी निरूले पक्कं शिकवलं. चालत्या गाडीतून उतरायचं नाही, हेही. एक नियम मात्र त्यानं स्वतः केला होता, इंजिन फक्त तोच. दुसरं कोणी पुढं गेलं की जमिनीवर लोळण. मग काय, आम्ही आपले मागं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागं मागं नर्सरीत गेलो. पुरानी बस्तीतल्या एका घराच्या अंगणात भरते ती. भावना दीदी म्हणाल्या, "बैठिए अंकल, लेकिन बीच में बोलना नहीं।" मले! मी ओट्यावर बसलो. पोट्टे टबातलं पाणी डब्यात ओतून राहिले, डब्यातलं टबात. कोणी चिखलाचे लाडू वळून राहिलं. एक जण लाडू मोडला म्हणून रडला, तं दुसऱ्यानं आपला त्याच्या हातावर ठेवला अन् पुन्हा वळायले बसला. मी मनात म्हटलं, याले शाळा म्हणतात बाप्पा?

मग गाडी लागली. निरू धावत जाऊन सगळ्यांत पुढं. मागं सोनिया, तिच्या फ्रॉकले धरून बाकी वरात. "चलो, चलो!" सगळे ओरडले. निरू उभाच. मान वळवून मागं पाहतो, पुन्हा पुढं पाहतो, पुन्हा मागं. अन् माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. अरे देवा, हा झेंडीची वाट पाहून राहिला! घरी शेवटी मी असतो. इथं शेवटी होता एक शेंबडा पोट्टा, त्याले गार्ड म्हणजे काय हे ठाऊक असायचं कारणच नाही.

सोनियानं ढकललं. निरूनं वळून तोंड उघडलं. मी ओट्यावरून अर्धा उठलो. माझा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. बोलू नका म्हटलं होतं, झेंडी दाखवू नका असं कुठं म्हटलं? पण भावना दीदींनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, अन् मी खाली बसलो. आता चावतो अन् आता जातो नागपूरले, एवढंच डोक्यात.

निरूनं तोंड मिटलं. सोनियाले दोन्ही हातांनी धरून आपल्या जागी उभं केलं. मग रांगेच्या कडेनं चालत चालत पार शेवटी गेला. बदामाचं एक मोठं हिरवं पान पडलं होतं, ते उचललं, तोंडानं "फुर्रर्र" केलं अन् पान हलवलं.

गाडी सुटली! सोनिया अशी धावली की दोन डबे पडले. पडलेले चढेपर्यंत आमचे गार्डसाहेब पान खाली करून उभे. "मैंने कुछ नहीं सिखाया, हं," भावना दीदी हसून म्हणाल्या. मले बोलायची मनाई होती, म्हणून ओट्यावरूनच गार्डसाहेबांले सलाम ठोकला.

संध्याकाळी ओसरीत मी सवयीनं मागं उभा राहिलो, तं निरू माझ्या धोतराले ओढून राहिला. "आबा, आज तू इंजिन."

"मी?"

"हव. तुझी बारी."

आयुष्यात मले कोणी इंजिन दिलं नव्हतं हो. पुढं जाऊन उभा राहिलो, तं समोर सगळं मोकळं, कोणाची पाठ नाही. वनमालानं मागून माझा सदरा धरला. "रडता काय? शिट्टी मारा," म्हणाली.

शिट्टी मारली. झेंडी काही येईना. मागं पाहिलं तं निरू, हातात तेच पान, सुकलेलं, दरवाज्याकडे बघत होता. "थांब. आई यायची आहे."

कौमुदी आली, दमलेली, खांद्यावर पर्स. मले पुढं अन् निरूले मागं पाहिलं, चप्पल काढली अन् वनमालाचा पदर धरून उभी राहिली. पान हललं. आम्ही सुटलो, ओसरीतून अंगणात, तुळशीले वळसा, पुन्हा ओसरीत.

तेवढ्यात आत फोन वाजला. नागपूरचा. कौमुदीनं पदर सोडला.

"आई!" मागून गार्डाचा आवाज आला. "चालत्या गाडीतून उतरायचं नाही!"

फोन वाजत राहिला. कौमुदीनं पदर पुन्हा घट्ट धरला अन् मले म्हणाली, "चला बाबा, जोरात."