न केलेल्या बेरजा

नदीची पाणीपातळी मोजणाऱ्या त्या कार्यालयात प्रोग्रामची भाषा कळणारी आता ती एकटीच उरली होती. पूर्वी दोघं होती. प्रोग्राम मूळ तिच्या सहकाऱ्याने लिहिलेला. 'फंक्शनल' पद्धतीची प्रोग्रामिंग भाषाच हवी म्हणून त्याने साहेबांशी हुज्जत घातली, तिलाही ती शिकवली, आणि दोन वर्षांपूर्वी परदेशात नोकरी धरून निघून गेला. "सगळं माझ्या गळ्यात घालून चाललास," असं ती निरोपाच्या वेळी चारचौघांत बोलून गेली होती. त्यानंतर दोघांचं बोलणं नाही.

आठवडाभर प्रोग्राम रोज दुपारी मान टाकत होता. नदीकाठच्या बेचाळीस केंद्रांचे आकडे यायचे, मेमरी सकाळपासून चढत जायची, आणि दुपारची तासाची फाईल लिहायला घेतली की सगळं बंद. खालच्या गावांना इशारा देणारा तक्ता मग पाऊण तास कोरा.

"मोठं मशीन घेऊ," साहेब म्हणाले.

"मग दुपारऐवजी संध्याकाळी बंद पडेल, साहेब."

सुट्टीच्या दिवशी ती एकटीच येऊन बसली. ही भाषा मुळात आळशी. कोणी उत्तर मागेपर्यंत बेरीज करायची नाही, 'नंतर करू' एवढीच नोंद ठेवायची. अशा लाखो बेरजा तुंबल्या होत्या आणि फाईल लिहिताना एकदम अंगावर येत होत्या. तिने आकडा आला की तिथल्या तिथे बेरीज करायला लावली, फाईलही एकेका केंद्राची लिहायला लावली. मेमरीचा आलेख धाडकन खाली आला.

तिने बहिणीला फोन लावला. "ताई, सापडलं!"

"छान गं. जेवलीस का?" मागे मुलांचा कालवा चालला होता.

"हो," ती खोटंच बोलली.

तासाभरात आलेख पुन्हा चढू लागला. हळूहळू, पण चढतच राहिला. बराच वेळ डोकं खाजवून शेवटी तिने त्या जुन्या सहकाऱ्याचा नंबर फिरवला. त्याने उचलला. तिने थोडक्यात सगळं सांगितलं.

"प्रत्येक नोंदीत केंद्राचं नाव कुठून येतं?" त्याने विचारलं.

"आलेल्या संदेशातून. पहिली सहा अक्षरं कापून."

"तो कापलेला तुकडा मेमरीत अख्खा संदेश धरून बसतो. त्याची वेगळी कॉपी कर."

"हे तू लिहिलंयस."

"माझंच आहे. चुकलं माझं."

"ऐक ना, त्या दिवशी मी जे बोलले..."

"अगं, मीटिंग सुरू होतेय. नंतर बोलू?"

"बोलू."

एका ओळीचा बदल. आलेख सरळ झाला. एक तास गेला, दुसरा गेला, फायली वेळेवर तयार होत राहिल्या. ती राखणदारासारखी समोर बसून होती.

मग तिने त्याला लांबलचक मेसेज लिहिला: प्रोग्राम शांत आहे, आणि त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले, मनात ठेवू नकोस. उत्तरादाखल नुसता अंगठा आला. तिने तो दोन-तीनदा उघडून पाहिला. मग खोलीतले दिवे मालवले आणि जिना उतरू लागली.