अकराशे किलोमीटर कोणाचे?

शनिवारी जेवताना मुलगा म्हणाला, "उद्या दहाला सायकल बघायला माणूस येतोय," आणि माझा घास घशातच अडकला.

पाणी पिऊन मी विचारलं, "कोणती सायकल?" जणू आमच्याकडे सायकलींचा तबेलाच आहे.

"जिन्याखालची, बॅटरीवाली. नुसती धूळ खातेय."

सूनबाई म्हणाली, "ती सायकल आहे की पाहुणा, आई? कामाला हात लावत नाही आणि जायचं नावही काढत नाही. तिथे माझं कपडे वाळवायचं मशीन बसेल."

मी वाटीत बघत बसले. धूळ खातेय म्हणे! त्या धुळीमागे माझे किती कष्ट आहेत ते मलाच ठाऊक. दर वेळी परत आणली की चिखल धुवायचा, कोरडी करायची, बॅटरी चार्जिंगला लावायची आणि शेवटी व्हॅक्यूमच्या पिशवीतली धूळ चिमटीने वरून भुरभुरायची. सीटवर थोडी जास्त.

झालं होतं असं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर वर-खाली करूनही त्याचं पोट काही आत जाईना, म्हणून त्याने डोंगरात चालवायची ती सायकल आणली. जाड टायर, पुढे स्प्रिंगवाले दांडे, पेडलजवळ मोटर. आपण जेवढा जोर लावू त्याच्या तिप्पट ती लावते. तिसऱ्याच खेपेला हा काटेरी झुडपात घुसला. सुनेने चिमट्याने एकशे बारा काटे काढले. तो म्हणतो चौदा, पण मोजत मी होते. त्यानंतर सायकलीवर कापड पडलं ते पडलंच.

आणि माझं म्हणाल, तर मी एकतीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात सहा मशीनच्या मध्ये उभी राहिले. नोकरी सुटली तरी पाय काही बसायला शिकले नाहीत. त्यात दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरले, मनगट मोडलं. तेव्हापासून मुलगा मला साध्या स्टुलावर चढू देत नाही. "आई, बस. आई, मी देतो. आई, तू बस." घरात इतक्या खुर्च्या आहेत हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मग एक दिवस ही दोघं कामावर गेल्यावर केर काढायला म्हणून मी सायकल बाजूला सारली. नुसती बाजूला सारली हो! तीच मला टेकडीवर घेऊन गेली. पहिल्यांदा उतरले ती इतक्या वेगाने, की माझी सावली मागे राहिली. पायथ्याशी उभं राहून तिची वाट बघावी लागली.

आता ती विकणार. 'ती माझी आहे' म्हणावं, तर आधी सगळं कबूल करायचं. आणि कबूल केलं, की मोडक्या मनगटाची आठवण निघणार आणि सायकल दहाच्या ऐवजी नऊलाच जाणार.

रविवारी सकाळी माझ्या पायाला भिंगरी लागली. भांडी दोनदा पुसली. कपाट आवरलं, आवडलं नाही, पुन्हा विस्कटलं. दहा वाजायच्या आधी अकरा वेळा खिडकीत जाऊन आले.

"आई, बस ना जरा," मुलगा म्हणाला.

"तूच बस," म्हटलं.

दहाला माणूस आला. पेठेत त्याचं चष्म्याचं दुकान. पन्नाशीचा, गोल चेहरा, बोलणं लोण्यासारखं. अगदी नवंकोरं हेल्मेट घालूनच दारात उभा. मला तो आवडला, आणि याचाच मला राग आला.

मी लगेच कामाला लागले. "चष्मेवाले, आधीच सांगते, ही सायकल फक्त डावीकडे वळते. उजवीकडे जायचं असेल तर तीनदा डावीकडे वळायचं."

"वा!" तो हसला. "म्हणजे रस्ता चुकायची भीती नाही."

"आणि कुत्रं दिसलं की थांबते. ओळख झाल्याशिवाय हलत नाही."

"आई!" मुलगा दातओठ खात म्हणाला. "मनावर घेऊ नका हो. आईला फुगवून सांगायची सवय आहे."

चष्मेवाल्याने कापड काढलं. धूळ उडाली, तो शिंकला. मग त्याने हँडलवरचा छोटा पडदा चालू केला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तुम्ही चारदा चालवली म्हणालात ना?"

"तीनदाच. का?"

"इथे अकराशे किलोमीटर दिसतायत."

मुलगा वाकला. त्याने पडद्यावर टिचकी मारली. तो लिफ्टच्या बटणांवरही अशीच टिचकी मारतो. "बिघडला असणार."

"उंदीर असतील," मी म्हटलं. "आमच्याकडचे उंदीर फार फिरतात."

चष्मेवाला विचारात पडला. "मग अशी घेणार नाही मी. टेकडीवर चालवून बघतो. चांगली चढली तर आजच घेऊन जातो."

झालं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

टेकडीवर दोन वाटा जातात. पायवाट झाडाझुडपांतून, दगडांवरून वर चढते. गाडीरस्ता वळसे घेत पाण्याच्या टाकीपर्यंत येतो आणि तिथेच संपतो. टाकीजवळ पायवाट त्याला भेटते आणि पुढे मनोऱ्याकडे जाते. ठरलं असं की चष्मेवाला पायवाटेने येईल आणि आम्ही गाडीने जाऊन टाकीपाशी थांबू. मला न्यायचं कुणाच्याच मनात नव्हतं. मी हवा खायला म्हणून आधीच गाडीत जाऊन बसले होते.

टाकीपाशी मुलगा बॉनेटला टेकून फोन बघत होता. मी येरझाऱ्या घालत होते.

तेवढ्यात खालून आवाज आला. आधी मोटरची घूं घूं, मग खाड! थोडं थांबून पुन्हा खाड!

कारखान्यात सुई तुटायच्या आधी मशीन कसं बोलतं ते मला शेवटी शेवटी झोपेतही कळायचं. हा आवाज मी ओळखला. गडी मोटर पूर्ण जोरावर ठेवून, पेडलवर सगळं वजन टाकून गियर बदलत होता. साध्या सायकलला हे एक वेळ चालतं. हिच्यात आपल्या पायामागे मोटरचाही रेटा असतो, आणि दोन्ही मिळून चेनच्या कड्या उसवतात. गियर बदलायच्या आधी क्षणभर पाय हलका करायचा, बस. मला हे कळायला एक चेन खर्ची पडली होती.

चष्मेवाला वर आला. घामाने निथळत होता, पण चेहरा असा फुललेला, की जणू सासरच्यांनी पहिल्यांदाच कौतुक केलंय.

"काय मशीन आहे हो! चढ कळतच नाही. फक्त गियर बदलताना असा खाडखाड आवाज येतो. चालायचंच का?"

"येत असेल," मुलगा म्हणाला.

दोघांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी काही बोलणं म्हणजे उंदरांचीच गोष्ट असणार. एक वाक्य सांगायचं होतं. ते जिभेवर आलं, दातांपर्यंत आलं. मग मनात आलं, तुटू दे. तुटली की हा म्हणेल भंगार आहे, नको मला. मी तोंडाला कुलूप लावलं.

"मनोऱ्यापर्यंत जाऊन येतो!" म्हणून तो गेला.

अर्धा मिनिट मी खूश होते. मग पुढची वाट डोळ्यांसमोर आली. टाकीच्या पुढे दुसरं वळण. तिथे चढ भिंतीसारखा उभा. तिथे गियर बदलावाच लागतो. आणि उजव्या हाताला दरी. चेन त्या जागी तुटली, तर पेडल हवेत फिरणार, माणूस खाली आणि सायकल मागे.

मी मुलाकडे धावले.

"चल," मी म्हटलं. "वर चल. त्याची चेन तुटणार आहे."

मुलाने फोनमधून डोकं वर काढलं नाही. "हो ना. कुत्रं दिसलं असेल."

"अरे, खरं सांगतेय!"

"आई, बस जरा गाडीत."

मी बसले नाही. निघालेच. चप्पल दोनदा निसटली, शेवटी हातात घेतली. मागून "आई! आई, पडशील!" चालू होतं. वरून मोटरचा आवाज येत होता. मग एक खाड झालं, आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना.

मी त्या चढावर किती वेगाने गेले ते सांगत नाही. सांगितलं तर पुन्हा म्हणाल, सवय आहे.

वळणावर चष्मेवाला वाटेच्या मधोमध बसला होता. गुडघा सोललेला, हेल्मेट तिरकं. सायकल झुडपात अडकली होती, दरीपासून दोन हात अलीकडे. चेन मातीत मेलेल्या सापासारखी पडली होती.

"आहात ना?" मी विचारलं.

"आहे बहुतेक," तो म्हणाला. मग हेल्मेट सरळ केलं.

मी त्याच्याशेजारी मातीतच बसले. गाडीतलं सोडलं तर त्या दिवसातलं माझं पहिलं बसणं. "हे माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. "गियर बदलताना पाय हलका करायचा असतो. मला माहीत होतं. मुद्दाम बोलले नाही. तुम्ही सायकल घेऊ नये म्हणून."

मुलगा धापा टाकत पोचला होता. "काय बोलतेयस तू? तुला कुठून माहीत?"

मी उठले आणि कमरेला खोचलेली माझी चष्म्याची डबी काढली. तिच्यात चष्मा नव्हताच. चेनची खीळ काढायचं छोटं अवजार होतं आणि एक जोडकडी. सायकल उलटी करून ठेवली. तुटलेली कडी काढली, दोन्ही टोकं जुळवली. मग सायकल सरळ करून मागचा ब्रेक दाबला आणि पेडलवर पाय दिला. कडी टक्कन बसली.

वर बघितलं तर मुलगा तोंड उघडं टाकून उभा.

"ते अकराशे किलोमीटर," मी म्हटलं, "माझे आहेत."

"आई, आता पुरे."

"तुझे पंधरा वजा कर हवं तर."

त्याने माझ्या काळ्या बोटांकडे बघितलं. मग चेनकडे, मग परत बोटांकडे. चेहरा पांढरा पडत गेला.

आता चष्मेवाल्याला उभं करायचं तर एका बाजूने आधार लागणार होता. सायकल गाडीत मावत नव्हती. मुलाला पायवाटेवर सायकल हातात धरून न्यायचीही भीती, काटे विसरला नव्हता तो. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग मी चष्मेवाल्याला म्हटलं, "हेल्मेट द्या."

"नाही!" मुलगा म्हणाला.

"मग तू ने."

त्याने काट्यांकडे बघितलं आणि तो चष्मेवाल्याला आधार द्यायला वाकला.

मी खाली उतरले. या वेळी सावलीला बरोबर घेऊन, दगड बघून, ब्रेक चेपून. कारण मागे वळणावर मुलगा उभा होता, आणि त्याची नजर पाठीला चटका देत होती. पायथ्याशी पोचले तर गाडीचा पत्ता नाही. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. विकतोय की ठेवतोय? ठेवतोय की विकतोय?

गाडी आली. मुलगा उतरला, त्याने माझे दोन्ही हात धरले आणि मनगटं, कोपरं दाबून बघितली. लिफ्टच्या तारा तपासतात तशी.

"कधी पडलीस?"

"तीनदा."

"ते निळं पडलेलं बोट? दारात सापडलं म्हणाली होतीस."

"दार नव्हतं. दगड होता."

त्याने हात सोडले नाहीत. "मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, आई, बस."

गाडीतून चष्मेवाल्याने डोकं बाहेर काढलं. "मी नाही घेणार ही. दुसऱ्याची चालती गाडी काढून घेतल्यासारखं होईल. पण मला शिकायचंय. काकू, शिकवाल? गुडघा बरा झाला की लगेच."

"तुम्हाला दरीत ढकलायला निघाले होते मी."

"म्हणून तर. तुम्हाला सगळ्या वाईट जागा माहीत आहेत."

मुलाने टेकडीकडे बघितलं. "एकटी जायचं नाही," तो म्हणाला. "हे पक्कं. किती वेळा जातेस?"

"मंगळवारी, शुक्रवारी. आणि तुम्ही दोघं बाहेर गेलात तर रविवारी."

"रविवारी मी येतो. भाड्याने घेतो एक."

"मंगळवारी माझं दुकान बंद असतं," चष्मेवाला म्हणाला.

एकटीने जायची मजा गेली, हे मला तिथेच कळलं. पण सायकल राहिली होती, आणि मला दुखणाऱ्या जागी बोट ठेवायचं नव्हतं. रविवार ठरला. मंगळवार ठरला. मुलाने फोनमध्ये दोन्ही लिहून घेतलं, हेल्मेट नवीन आणायचं तेही लिहिलं.

शुक्रवारचं कोणीच काही बोललं नाही. मीही आठवण करून दिली नाही.