चिमाजींच्या कठड्यातला हूक

तनुजा मॅडमनी गच्चीवरचा पाइप एका हाताने ढकलला, तर तो बुडापासून शेंड्यापर्यंत डोलला. रस्त्यावरच्या विजेच्या खांबावरून आलेली वायर त्याच्या टोकाला बांधलेली होती. तीही झोके घेऊ लागली.

“शेखरभाऊ, हे काय करून ठेवलंय?” त्या म्हणाल्या. मॅडम वीज कंपनीच्या इंजिनिअर, तपासणीला आलेल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. “दहा फुटी पाइप आणि आधार कशाचाच नाही. वारं सुटलं की लाइट जाते ती ह्याच्यामुळेच. एक तर जोड कापून पाच फुटांवर आणा, नाहीतर मागून तारेचा ताण द्या. सोमवारी येते. हलला तर नवी वायर जोडायची नाही.”

मी मान हलवली. तोंड उघडायची सोय नव्हती, कारण तो जोड मीच दिला होता.

मी मूळचा उदगीरचा. पुनावळ्यात वायरमनकी करायला लागून तीस वर्षं झाली. हे घर सोपानकाकांचं. त्यांचा धाकटा भाऊ चिमाजी भिंतीला भिंत लावून शेजारीच राहतो. वाटणी झाली तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षं, दोघांचा अबोला. भांडण जमिनीचं, पण ईर्ष्या सगळी गुढीची. पाडव्याला कोणाची गुढी उंच, यावरून दोघे म्हातारे इरेला पेटायचे. चिमाजींनी पंधरा फुटी बांबू आणला की काकांचा अठरा फुटी. त्याहून लांब बांबू बाजारात मिळेना तेव्हा काकांनी मला बोलावून सांगितलं, “ह्या गच्चीवरच्या पाइपालाच जोड दे. गुढी त्याच्यावर बांधू.” विजेचा पाइप आहे काका, असं मी एकदा म्हणालो आणि मग निमूट जोड दिला. जुन्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुनाच रोग. तीन पाडवे त्या पाइपावर तांब्या आणि जरीचं पातळ मिरवलं. कोणाला शॉक बसला नाही, ही देवाची कृपा.

यंदा मात्र काकांना वर चढताच आलं नाही. फौंड्रीत पंचवीस वर्षं काळी वाळू गिळलेली, छाती निकामी झाली होती. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. लाइट गेली की मशीन बंद पडायचं आणि गोजाकाकू सिलिंडरची चावी शोधत धावायच्या. म्हणून तर नवी वायर हवी होती.

मी खाली उतरलो.

“काय म्हनली बाई?” काकांनी विचारलं.

खरं तर अर्ध्या तासाचं काम होतं. करवत लावायची, जोड उतरवायचा, वायर खाली घ्यायची. पण गच्चीवर असताना मला चिमाजींचा कठडा दिसला होता. वायर रस्त्याकडे ओढते, त्यामुळे ताण द्यायचा तर तो उलट बाजूने, म्हणजे नेमका तिकडेच. माझा थोरला भाऊ उदगीरला वारला तेव्हा आमचंही बोलणं बंद होतं. मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. ते एकदम आठवलं आणि मला नसती अक्कल सुचली.

“पाइप आता कापता येत नाही काका,” मी म्हणालो. “काँक्रीट टाकून रस्ता उंच झाला ना, वायर खाली आली तर गाड्यांना लागेल. ताणच द्यावा लागेल, तोही चिमाजीकाकांच्या कठड्याला. त्यांना विचारावं लागतंय.”

“मग तू इचार.”

“मी वायरमन. घर तुमचं, विचारायचं पण तुम्हीच.”

काकांनी नाकातली नळी नीट केली, माझ्याकडे निरखून पाहिलं. मग “बरं” म्हणाले.

शनिवारी दुपारी ते चिमाजींकडे गेले. काकूंनी त्यांना धरून दोन पायऱ्या उतरवलं आणि चिमाजींच्या ओट्यावर बसवलं. सिलिंडर सोबत घेऊ म्हणाल्या, तर काका म्हणाले, “भावाच्या दारात नळी लावून जाऊ व्हय?” चिमाजींची सून रुपाली पाणी घेऊन आली. मामंजी चाकणला कांद्याची गाडी घेऊन गेलेत, म्हणाली. तिने फोन लावला तेव्हा चिमाजी चाकणच्या चौकात ट्रकांच्या मधे अडकले होते. “बसवून ठेव त्याला,” ते म्हणाले, “जाऊ देऊ नगस. आलोच मी.”

काका दीड तास बसले. काकू दोनदा न्यायला गेल्या, दोन्ही वेळा त्यांनी हातानेच परत पाठवलं. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा काकांचे ओठ काळेनिळे पडले होते. रिक्षाने पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. चिमाजी पोचले तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती.

सोमवारी तनुजा मॅडम आल्या, दारातली माणसं पाहून तशाच परत गेल्या.

तेरावा झाल्यावर चिमाजींनीच मला बोलावलं. त्यांनी आपल्या कठड्याला स्वतः भोक पाडून जाडजूड हूक सिमेंटात बसवला होता. “वहिनीच्या घरात लाइट ऱ्हायला पायजे,” एवढंच म्हणाले. मी पाइपाला तार बांधून तिचं दुसरं टोक पलीकडे त्यांच्या हातात दिलं. तेवढ्यात काकू चहा घेऊन वर आल्या. त्यांच्या हातचा चहा घ्यायची माझी लायकी नव्हती.

“काकू,” मी म्हणालो, “मी खोटं बोललो होतो. पाइप कापता येत होता.”

“ठावं हाय,” काकूंनी कप माझ्या हातात दिला. “त्यांनी त्याच सांजंला सांगितलं मला. म्हनले, शेखर लबाड बोलतोय. पाइपाला जोड म्याच लावाया सांगितला, तो काढता येतो का न्हाई ते मला कळत न्हाई व्हय? मी म्हनलं, मग कापा की. तर म्हनले, नगं, बारा वर्सांनी जायाला कायतरी निमित्त गावलंय.”

मला रडू आलं. काकूंनी मला माफ केलं होतं की नाही, कोण जाणे. काकांनी मात्र माझं खोटं जाणूनबुजून उचललं होतं आणि ते घेऊन भावाच्या दारात जाऊन बसले होते. त्याने माझ्या मनावरचं ओझं काही हललं नाही.

चिमाजी हातभर अंतरावर तार धरून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

“शेखर,” ते म्हणाले, “अजून वढू का?”

“थोडी ओढा.”

त्यांनी कठड्याला पाय लावून तार ओढली. पाइप हळूहळू सरळ झाला. मी पलीकडे जाऊन तार हुकात अडकवली, पक्कडीने पिळे दिले, उरलेलं टोक कापलं.

“झालं काका. आता सोडा.”

चिमाजींनी मान हलवली. तार मात्र त्यांनी सोडली नाही.