सुनावणीला हजर

शिवणवाल्या ताईंनी पिशवीतून सह्यांचे कागद काढले आणि वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांच्या टेबलावर ठेवले. एकशे बारा सह्या. आठ दिवस एकेक जिना चढून गोळा केलेल्या.

साहेबांनी वरचं पान उलटलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"सह्या ठीक आहेत हो बाई. पण माणसं कुठायत? हरकतीच्या सुनावणीला गल्लीतले दहा रहिवासी तरी समोर हवेत. नोटिशीत लिहिलंय."

"येतायत. निघालेत सगळे."

"साडेअकरापर्यंत थांबतो. मग दवाखाना हलवायचा ठराव कायम."

गल्लीच्या तोंडाशी असलेला तो दवाखाना हमरस्त्यापलीकडे गेला, तर वॉकर धरून एकेक पाऊल टाकणारे ताईंचे यजमान रोज पायाचं ड्रेसिंग करायला जाणार कसे? त्या रस्त्यावर धडधाकट माणसालाही जीव मुठीत धरून पळावं लागतं. मागे रांगेने मांडलेल्या रिकाम्या खुर्च्यांकडे ताईंना बघवेना. त्यांनी व्हरांड्यात येऊन फोन लावायला सुरुवात केली.

वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "अगं, आज? मी सही केलीय की!" किराणावाल्याच्या दुकानात माल उतरत होता. सख्ख्या जाऊबाईंनी तर हसण्यावारी नेलं.

"तू आहेस ना तिथे? मग आम्ही असल्यासारखंच आहे."

राग यावा असं कोणी काही बोललंच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. माणसं वाईट नव्हती. यजमान पडले तेव्हा याच गल्लीने त्यांना उचलून नेलं होतं, महिनाभर डबे पुरवले होते. आणि या आठ दिवसांत एकानेही सुनावणीची तारीख लिहिलेला तो कागद वाचायला मागितला नव्हता. 'तुम्ही आणलाय ना, द्या पेन.' ताईंना तेव्हा त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं!

अकरा वीस झाले. उरला सलूनवाल्या काकांचा नंबर.

"काका, मी सुनावणीला आलेय. कोणीच नाही हो इथे."



"डावीकडचा हॉल ना? गेल्या वर्षी मैदानाच्या वेळी मीही तिथेच बसलो होतो."

फोन बंद झाला. ताईंचे कान तापले. मुलांच्या मैदानावर वाहनतळ होऊ नये म्हणून काका असाच कागद घेऊन आले होते. ताईंनी मशीनवरून न उठता सही ठोकली होती आणि दोऱ्याचं टोक दातात धरून म्हटलं होतं, "तुम्ही आहात ना काका, मग काळजी कसली!" मैदान गेलं तेव्हा त्या चार दिवस हळहळल्याही होत्या. काका त्या दिवशी किती वेळ बसले, सोबत कोण होतं, हे विचारायचं मात्र त्यांना कधी सुचलं नव्हतं. आता लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साडेअकराला साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात दार ढकलून काका आत आले, धापा टाकत, खांद्यावर टॉवेल, मनगटाला साबणाचा फेस.

"गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसवून आलोय."

"काका, दहा नाही होत." ताईंना हुंदका आवरेना. "काही उपयोग नाही."

"माहीत आहे." ते शेजारच्या खुर्चीवर टेकले. "पण इथे एकट्याने बसणं फार वाईट असतं."

साहेबांनी ठराव कायम केल्याचं लिहिलं. मग उपस्थितीच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"किती लिहू?"

"दोन लिहा," काका म्हणाले. "मागच्या खेपेला एक लिहिलं होतं."