सुतळी आणि ढब्बीची कात

भाऊजी गोड बोलायला लागले, तेव्हाच मी ओळखलं की कुठंतरी पाणी मुरतंय. एरवी हा माणूस माझ्यावर खेकसल्याशिवाय पाण्याची बादलीसुद्धा उचलत नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. आम्ही दोघंही प्राणिसंग्रहालयाच्या सर्पगृहात कामाला. त्यांच्याकडे सुतळी, जाळीदार अजगर. माझ्याकडे ढब्बी, ब्रह्मी अजगर. जाळीदार अजगर जगात सगळ्यात लांब, हे खरं; पण सुतळी अजून वयानं लहान होती, आणि ढब्बी वजनात तिला दोनदा विकत घेईल अशी. लांबीत मात्र दोघींत उन्नीस-बीस.

नव्या साहेबांनी फर्मान काढलं: मोठी काचखोली एकच राहणार. पाटीवर 'सर्वांत लांब अजगर' लिहायचंय, तेव्हा लांब असेल ती राहील, दुसरी परगावी जाईल. ढब्बी आली तेव्हा मनगटाएवढीसुद्धा नव्हती, काही खाईना. मी तिचं तोंड हळूच उघडून घास सरकवला होता. तिला कुठं पाठवू?

जिवंत अजगर काही पट्टीसारखा सरळ पडत नाही. दर वेळी वेगळं माप. म्हणून ठरलं, दोघींची कात मोजायची. कात खऱ्या अंगापेक्षा लांबच भरते, पण दोघींची सारखीच भरणार ना! आम्हा दोघांत अट एकच: कुणी ओढायची नाही. ओली करून ओढली की कात हवी तेवढी वाढते, हे आम्हा दोघांनाच ठाऊक. साहेबांना कुठलं!

दोघींनी एकाच आठवड्यात कात टाकली, आणि मोजणीपर्यंत दोन्ही काती कोठीत ठेवल्या. त्यानंतर भाऊजींचं ते गोड बोलणं. "दमली असशील गं, घरी जा. कोठीचं मी बघतो." मला कोठीपासून लांब ठेवायचं होतं, दुसरं काय? ताईला विचारलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "तुला आपलं सगळीकडे काळंबेरंच दिसतं." म्हणजे ही पण सामील!

काल दुपारी मी पाय न वाजवता धुण्याच्या खोलीत शिरले. भाऊजी पाठमोरे. एक टोक पायाखाली, दुसरं दोन्ही हातांत, मध्ये ओलीचिंब कात.

"सापडलात!" मी ओरडले.

"हळू बोल गं बाई," ते कुजबुजले. "पाया पडतो तुझ्या."

"आता पाया पडता? साहेब! अहो साहेब, या इकडे!"

साहेब आले, सगळं सर्पगृह गोळा झालं. मी सोडला तोंडाचा पट्टा: कात ओली करून ओढता, सख्ख्या मेहुणीला फसवता, लाज नाही वाटत? साहेबांनी कात फरशीवर पसरायला सांगितली. मीच पसरली, तावातावानं.

जाळी दिसेना. मोठमोठे डाग होते, एकाला एक लागून. शेपटीकडे ढब्बीचा जुना व्रण.

भाऊजी खाली बघत होते.

"ही कात रद्द," साहेब म्हणाले. "सुतळी राहील."

आज सकाळी पेटी आली. भाऊजींनी शेपटीकडून धरलं, मी डोक्याकडून. ढब्बी जड, गार, नेहमीसारखी माझ्या दंडाला वेटोळं घालत होती.

"मला सांगायचं तरी," मी म्हणाले. रडू आवरत नव्हतं.

"तुझी ताई म्हणाली, तिला सांगू नका, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. सुतळीचं काय गं, ती कुठंही राहील. ढब्बीला तू हातानं वाढवलंस."

"माझ्या जिभेला हाड नाही, भाऊजी."

"साप साप म्हणून भुई धोपटायची सवय तुझी. धर नीट, मान लटकतेय तिची."

मी मान नीट धरली. दंडाचं वेटोळं मात्र सुटेना. शेवटी ते भाऊजींनीच सोडवलं.