कलम नऊ

“अध्यक्ष तिसऱ्यांदा गैरहजर,” वहीतून मान वर न काढता संघप्रिया म्हणाली. “लेखी रजा न्हाय. कलम नऊ लागतंय.”

उमरग्यातल्या मुलींच्या वसतिगृहात विश्वस्तांची सभा चालू होती. सातही विश्वस्त बिनपगारी. लेखी रजेवाचून लागोपाठ तीन सभा चुकवल्या की विश्वस्तपद जातं, हे कलम दहा वर्षांपूर्वी एका विरोधकाला काढण्यासाठी अध्यक्ष गुरुसिद्धप्पांनीच, म्हणजे सगळ्यांच्या आप्पांनीच, घातलं होतं.

“लक्ष्मम्मा सोलापूरला दवाखान्यात हायेत,” शांताक्का आप्पांच्या पत्नीबद्दल म्हणाल्या. “आप्पांनी फोन केला आसंल की. चिटणीस तूच हायेस.”

“फोन आला. कागद न्हाय आला.”

फोन तिन्ही वेळा आला होता. ‘तेवढी रजा मांड माझी,’ आप्पा म्हणायचे. ती ‘बरं’ म्हणायची. कागद लागतो, हे एकदाही बोलली नव्हती.

तिची आई मथुराबाई इथंच अठरा वर्षं स्वयंपाक करायची. तेहतीस वर्षांपूर्वी चार पालक येऊन बोलले, ‘बौद्ध बाईच्या हातचं आमच्या पोरी खाणार न्हाईत.’ गुरुसिद्धप्पांच्या मंडळानं एका सभेत तिला काढून टाकलं. कारण लिहिलं, वय झाले. आई तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. “माझ्या हाताला काय झालंय गं?” असं विचारत विचारतच ती पुढं दोन वर्षांत गेली.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर संघप्रिया माजी विद्यार्थिनींतर्फे मंडळावर आली. कुणाला नको असलेलं चिटणीसपद मागून घेतलं आणि सहा वर्षं थांबली.

“नियम म्हंजे नियम,” उपाध्यक्ष शिवप्रसाद घाईनं म्हणाले. त्यांची नजर रिकाम्या खुर्चीवर होती. पाच हात वर झाले. शांताक्कांनी हात उचलला नाही.

पत्र द्यायला ती स्वतः गेली. कालच घरी आणलेल्या लक्ष्मम्मांना आप्पा चमच्यानं पेज भरवत होते. वाटी ठेवून त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

“मी फोन केलता तुला.”

“केलता.”

“मथुराबाईचं हाय व्हय हे?”

“व्हय.”

आप्पा म्हणाले, “त्या पालकांना मी न्हाय म्हणू शकलो असतो. म्हणलो न्हाय.” त्यांनी पोच म्हणून सही केली. “लोकांला सांगताना नियमानं झालं म्हण.”

“न्हाय आप्पा. कुणी इचारलं तर सूड घेतला म्हणून सांगीन.”

रविवारी सकाळी ती वसतिगृहात गेली, तर दहावीच्या पंधरा मुली वह्या उघडून बसलेल्या. दर रविवारी आप्पा त्यांना गणित शिकवत, हे तिला माहीत होतं. विश्वस्त नसलेल्या पुरुषाला मुलींच्या वसतिगृहात येता येत नाही, हेही. आज रविवार आहे हे मात्र ध्यानात आलं नव्हतं.

“आप्पा कधी येणार, मॅडम?” श्रावस्तीनं विचारलं. “परीक्षा आलीय.”

“येणार न्हाईत.”

“आज का कधीच?”

संघप्रियानं खडू घेतला आणि श्रावस्तीच्या पुस्तकातलं पहिलं उदाहरण फळ्यावर उतरवलं. मुलींनीही ते वहीत घेतलं आणि पुढच्या पायरीसाठी मान वर करून थांबल्या. ती फळ्याकडं तोंड करून उभी राहिली. पुढची पायरी तिला येत नव्हती.